आठ बैठका आणि एक हिशेबाची वही: एका शोकगटाचे परीक्षण

माझे पती गेले त्याला आता चौदा महिने होत आले. सकाळी फिरायला गेलेल्या माणसाच्या फोनवरून घरी फोन आला. पडद्यावर नाव त्यांचेच होते, आवाज मात्र परक्या माणसाचा होता, आणि त्या माणसाने 'आपण त्यांच्या कोण?' असे विचारताच पुढचे सारे मला कळून चुकले. वय ५८, आदल्या रात्रीपर्यंत धडधाकट. एवढा तपशील देण्याचे कारण असे, की ज्या सेवेविषयी मी लिहिणार आहे ती अशाच, म्हणजे ध्यानीमनी नसताना जोडीदार गमावलेल्या स्त्रियांसाठी चालवली जाते. आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, प्रत्येक बैठक दीड तासाची, गटात जास्तीत जास्त आठ जणी. दीर्घ आजारानंतर ज्यांचे पती गेले त्यांच्यासाठी वेगळा गट आहे आणि ही विभागणी मला योग्य वाटते, कारण ज्यांना निरोप घ्यायला वेळ मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही त्या एका खोलीत बसल्या, की एकमेकींचे दुःख तोलून पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही. संस्थेचे नाव मी देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि त्या या एकाच संस्थेपुरत्या असतील असे मला वाटत नाही.

अशा सेवांविषयीचे अभिप्राय बहुधा 'खूप आधार मिळाला' एवढ्यावर संपतात. आधार मलाही मिळाला. परंतु मी तिथे आधारासाठी गेले नव्हते. आधार देणारी माणसे घरी पुरेशी होती, किंबहुना जरा जास्तच होती. मी गेले ती एका गोष्टीची कोणापाशीही वाच्यता करता येत नव्हती म्हणून.

मी बाहेर पडायला निघाले, की आतल्या खोलीतून एक प्रश्न येत असे: 'किती वाजता येशील?' त्यात संशय नव्हता आणि धाकही नव्हता. घरचे माणूस कधी परतणार हे ठाऊक असले, की त्यांना बरे वाटे, इतकेच. तरीही एकतीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवूनच मी पायात चपला घातल्या होत्या, आणि वेळेच्या जोडीला एखादे कारणही न मागता देऊन टाकण्याची सवय मला कधी लागली ते माझे मलाच कळले नव्हते. ते गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी, कोणतेही काम नसताना बाहेर पडले. दारात सवयीने थांबले. 'सातपर्यंत' हा शब्द ओठांवर आलेला होता आणि आतून कोणी काही विचारले नाही. मी कुलूप लावले आणि चालू लागले. रस्त्याच्या वळणापर्यंत पोचेतो माझी चाल बदललेली होती. काहीतरी हलके झाले आहे हे पायांना माझ्याआधी कळले होते. त्याच वळणावर मला रडू कोसळले, आणि ते त्यांच्या आठवणीने आले, की त्या हलकेपणाच्या लाजेने, हे मला आजही सांगता येणार नाही. बहिणीला हे सांगून पाहिले तेव्हा तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'ताई, तू अजून धक्क्यातून सावरलेली नाहीस गं.' तिचे काही चुकले असे मी म्हणत नाही. तिच्यापाशी त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.

सेवेची पहिली ओळख होते ती अर्जातून, आणि हा अर्ज वाईट आहे. त्याच्या दुसऱ्या पानावर 'सध्या आपणास प्रामुख्याने कोणती भावना जाणवते?' असा प्रश्न असून खाली दुःख, राग, भीती, अपराधीपणा, एकटेपणा, बधिरपणा अशा चौकटी आहेत आणि 'कोणत्याही एकाच चौकटीत खूण करावी' अशी सूचना आहे. पुढचा प्रश्न याहून वरचढ: 'पतीशी आपले संबंध कसे होते?' आणि त्यासाठी चांगले, साधारण, वाईट असे तीन पर्याय. एकतीस वर्षांचा संसार तीनपैकी एका चौकटीत बसवणारा माणूस बहुधा अविवाहित असावा, असे त्या वेळी माझ्या मनात आले. मी 'चांगले'वर खूण केली, जे खरेच होते, आणि भावनांच्या यादीशेजारी समासात बारीक अक्षरांत लिहिले: 'मोकळे वाटते.' मग ते खोडले. खोडलेले वाचता येत होते.

प्रवेश देण्यापूर्वी संस्थेच्या समुपदेशक प्रत्येकीशी अर्धा तास स्वतंत्रपणे बोलतात आणि ही त्यांची पद्धत मनापासून वाखाणावी अशी आहे. झोप, भूक, रोजची कामे, जगण्याची इच्छा यांविषयी त्या स्पष्ट प्रश्न विचारतात, आडवळणे घेत नाहीत. जिला गटापेक्षा मनोविकारतज्ज्ञांची गरज आहे असे दिसते तिला त्या तसे सांगतात आणि कुठे जावे हेही सांगतात. माझ्या अर्जातील खोडलेल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले, परंतु प्रश्न विचारला नाही. 'याविषयी गटात बोलायला जागा आहे, बोलण्याची सक्ती नाही,' एवढेच त्या म्हणाल्या. मी पूर्ण आठ आठवडे टिकले त्याचे निम्मे श्रेय मी या एका वाक्याला देईन.

गट दोघी चालवतात. एक या प्रशिक्षित समुपदेशक आणि दुसऱ्या एक ज्येष्ठ बाई, ज्यांचे पती बावीस वर्षांपूर्वी असेच अचानक गेले. दुसऱ्या बाईंकडे या विषयातील पदवी नाही, आणि सुरुवातीला मला ते खटकले होते. नंतर कळले, की ही रचना कोणाच्या लहरीतून आलेली नसून तिला इतिहास आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन यांनी असा एक उपक्रम उभा केला होता, ज्यात नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीकडे तज्ज्ञ नव्हे, तर आधी त्याच वाटेने गेलेली दुसरी विधवा जाऊन भेटत असे. प्रत्यक्षातही फरक दिसतो. समुपदेशक जेव्हा 'असे वाटणे स्वाभाविक आहे' म्हणतात तेव्हा ते पटते. पण ज्येष्ठ बाई जेव्हा 'मलाही वाटले होते आणि अजून कधीकधी वाटते' म्हणतात तेव्हा खुर्चीत जरा सैल बसता येते. नियम तीनच आहेत. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही आणि 'निदान तुमचे तरी' अशी सुरुवात करायची नाही. तिसरा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला गेला. (पुढे मी गटातील एका प्रसंगाविषयी लिहिले आहे, संबंधित दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पहिल्या बैठकीत जे छापील पत्रक हातात दिले गेले ते मात्र बदलायलाच हवे होते. त्यावर नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच पायऱ्यांचा जिना काढलेला होता आणि वरच्या पायरीवर एक हसरी आकृती उभी होती. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली या पाच अवस्था मांडल्या त्या मुळात स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. त्या मागे राहिलेल्यांना लागू करण्यात आल्या त्या नंतर. सर्वजण त्या क्रमाने चढत जातात याला संशोधनाचा आधार नाही, हे समुपदेशकांना माहीत होते आणि त्यांनी ते सांगितलेही. मग ते पत्रक वाटायचे कशाला? गटातील एक जण तीन आठवडे या चिंतेत होती, की तिला राग येत नाही म्हणजे तिची एक पायरी राहून गेली. माझी अडचण वेगळी होती. त्या जिन्यावर मी जिथे उभी होते ती पायरीच नव्हती, आणि असलीच तर ती स्वीकाराच्या इतकी जवळ दिसत होती, की महिनाभरात तिथे पोचलेल्या बाईविषयी लोक काय म्हणतील याची कल्पना करता येत होती.

तिसऱ्या बैठकीत, आतापर्यंत फक्त नाव सांगून गप्प राहिलेल्या एका बाईंनी तोंड उघडले. त्या म्हणाल्या, 'मला झोप लागते.' बाकीच्या सात जणींपैकी बहुतेकींची झोप उडालेली होती, त्यामुळे हे वाक्य खोलीत जरा विचित्रच पडले. मग त्यांनी सांगितले, की फाटकाची कडी वाजली, की आजची रात्र कशी जाणार हे त्यांना त्या आवाजावरून ओळखता येत असे; कडी सावकाश वाजली तर ठीक, आपटली तर मुलांना आतल्या खोलीत पाठवायचे. इतकी वर्षे त्या कान देऊन जाग्या राहिल्या होत्या आणि आता कडी वाजत नाही. 'ते गेले त्या रात्री मी नऊ तास झोपले. लोक म्हणाले, बिचारी दमली असेल.' यावर लग्नाला चारच वर्षे झालेली गटातील सर्वांत तरुण मुलगी एकदम उसळून म्हणाली, 'मावशी, तुमची सुटका झाली. माझे काय झाले?'

अशा वेळी गट चालवणारा माणूस काय करतो यावर त्या सेवेची परीक्षा असते. समुपदेशकांनी त्या मुलीला गप्प केले नाही आणि त्या बाईंची बाजूही घेतली नाही. त्यांनी दोघींना, समोरचीने काय म्हटले ते आपल्या शब्दांत सांगायला लावले. त्याला वीस मिनिटे लागली आणि मध्ये दोनदा शांतता इतकी लांबली, की मला उठून जावेसे वाटले. शेवटी ती मुलगी म्हणाली, 'मावशींनाही वाईट वाटते आहे, पण ते कशाचे ते त्यांना कळत नाही.' बाईंनी मान डोलावली. त्या ज्या नवऱ्यासाठी रडत होत्या तो त्यांना कधी मिळालाच नव्हता, असे काहीसे त्या नंतर बोलल्या.

त्या दिवशी मी घरी आले ती अस्वस्थ होऊन. झोप लागणाऱ्या बाईंचे सर्वांना पटले होते, कारण त्यांच्या पतीविषयी ऐकल्यावर त्यांना मोकळे वाटणे कोणालाही समजण्यासारखे होते. त्या तरुण मुलीचे तर कोणालाही समजावून देण्याची गरजच नव्हती. मी या दोघींच्या मध्ये कुठेतरी बसले होते. माझे पती भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्या आईच्या आजारपणात स्वतः रात्री जागवल्या, कधी आवाज चढवला नाही, माझ्या नोकरीच्या आड आले नाहीत. त्यांच्याशी माझे पटत होते आणि ते गेल्याने माझे आयुष्य उघडे पडले आहे. अशा माणसाच्या जाण्याने दारात उभ्या असलेल्या बाईचे पाय हलके का व्हावेत? वाईट नवरा गेला तर सुटका झाली असे म्हणण्याची निदान कुजबुजती सोय जगाने ठेवली आहे. चांगला नवरा गेला आणि तरी मोकळे वाटले तर त्यासाठी कुठलीच सोय नाही, आणि त्या बाईला दोनच निष्कर्ष उरतात: एक तर प्रेम खोटे होते, नाही तर मी वाईट आहे. या सेवेने मला काय दिले असे कोणी विचारले, तर मी सांगेन, की या दोन्हींवाचून तिसरे काही असू शकते हे मला तिथे कळले, आणि तेही व्याख्यानातून कळले नाही.

व्याख्यानही झाले, चौथ्या बैठकीत, आणि ते चांगले होते. समुपदेशकांनी सांगितले, की मनात प्रेम आणि विरोध दोन्ही असलेले माणूस गेले तर तो विरोध स्वतःवरच उलटतो आणि शोक आजारासारखा चिघळतो, हा विचार १९१७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी मांडला आणि पुढे कित्येक दशके तो गृहीतच धरला गेला. त्याची तपासणी करायची तर जोडीदार जिवंत असतानाच माणसांना विचारून ठेवायला हवे, कारण मागाहून विचारले, की प्रत्येक संसार गोड होतो. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरात १,५३२ जणांच्या मुलाखती अशाच आधी घेऊन ठेवलेल्या होत्या. त्यांतील ज्यांचे जोडीदार पुढे वारले त्यांच्याविषयी डेबोरा कार आणि सहकाऱ्यांनी २००० साली जे प्रसिद्ध केले ते फ्रॉइड यांच्या उलट होते: ज्यांच्या संसारात खटके अधिक होते त्यांना गेलेल्याची ओढ कमी होती, तर जिथे जिव्हाळा आणि अवलंबून राहणे जास्त तिथे ओढही जास्त. त्याच अभ्यासातील २०५ जणांविषयी जॉर्ज बोनॅनो यांनी २००२ साली दाखवले, की सुमारे ४६ टक्के माणसे आधी आणि नंतरही बऱ्यापैकी स्थिर राहिली आणि सुमारे १० टक्के तर आधी खिन्न होती ती जोडीदार गेल्यावर सावरली. दहांत एक. आम्ही आठ जणी होतो. प्रत्येकीने मनातल्या मनात मोजणी केली असणार.

मी मात्र त्या दहांतली नव्हते, कारण मी आधी खिन्न नव्हते. तसे समुपदेशकांना विचारले तेव्हा त्यांनी स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांची १९९९ सालची मांडणी फळ्यावर काढली. एका बाजूला गमावलेल्याकडे वळलेले मन, दुसऱ्या बाजूला नव्याने उभ्या राहणाऱ्या आयुष्याकडे वळलेले मन, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारी नागमोडी रेघ. शोक म्हणजे जिना नसून झोका आहे, आणि झोका दोन्ही बाजूंना जातो तेच प्रकृतीचे लक्षण आहे, असा त्याचा आशय. पाच पायऱ्यांच्या पत्रकाऐवजी पहिल्या दिवशी हे एक चित्र हाती दिले असते, तर निदान दोन बैठकांचा गोंधळ वाचला असता. तरीही माझी एक शंका उरली आणि ती मी नोंदवते. झोका एका वेळी एकाच बाजूला असतो. वळणावर मी रडले तेव्हा मी दोन्ही बाजूंना एकदमच होते.

पाचव्या बैठकीला प्रत्येकीने घरातील एक वस्तू आणायची असते. कोणी चष्मा आणला, कोणी न धुतलेला सदरा, तर त्या तरुण मुलीने फोनमधला अकरा सेकंदांचा आवाज आणला, ज्यात तो फक्त 'अगं, पोचलो, नंतर बोलतो' असे म्हणतो. मी हिशेबाची वही नेली. आमच्याकडे दिवसाचा खर्च मी रात्री लिहीत असे आणि ते झोपण्यापूर्वी त्यावरून नजर फिरवून प्रत्येक ओळीच्या उजव्या समासात पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण करीत. खर्चावरून आमचा कधी वाद झाला नाही. कधीकधी मात्र एखाद्या ओळीपाशी पेन्सिल क्षणभर थांबे, आणि त्यांनी काही विचारण्याआधीच मी खुलासा करू लागे. बहुतेक वेळा ते म्हणत, 'अगं, मी कुठे काय म्हणालो?' आणि ते खरेच काही म्हणालेले नसत.

शेवटची खूण ते गेले त्याच्या आदल्या रात्रीची आहे. त्यानंतर एकोणीस दिवसांच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. घरात माणसांची ये-जा चालू असताना, कोण काय बोलते आहे हे कानांवरून जात असतानाही मी रात्री वही उघडून लिहीतच होते, आणि त्या साऱ्या पानांचा उजवा समास कोरा आहे. विसाव्या दिवसाच्या पानावर 'दिवा' एवढा एकच शब्द आहे आणि त्याच्यापुढे आकडा नाही. त्या दिवशी मी वाचनासाठी टेबलावर ठेवायचा एक दिवा आणला होता. घरात दिवे पुरेसे होते. शब्द लिहिला, पेन्सिल थांबण्याची वाट पाहिली, ती थांबली नाही, आणि मी वही मिटली ती मिटलीच.

हे मी गटात सांगितले तेव्हा ज्येष्ठ बाईंनी वही मागून घेतली. बराच वेळ त्या पाने उलटत राहिल्या. त्यांचे बोट उजव्या समासातून खाली सरकत होते. मग त्यांनी विचारले, 'या खुणा पुन्हा दिसाव्यात असे वाटते का हो?' मी हो म्हणाले, आणि माझा आवाज लागेना. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: 'आणि उद्यापासून पुन्हा कोणी खुणा करू लागले तर चालेल का?' मी नाही म्हणाले. त्याला मात्र मुळीच वेळ लागला नाही. बाईंनी मान हलवली, वही मिटली आणि शेजारच्या बाईंकडे त्यांची वस्तू पाहण्यासाठी वळल्या. यावर कोणी भाष्य केले नाही, कोणी माझ्या दोन उत्तरांची बेरीज करून दाखवली नाही, 'दोन्ही ठीक आहे' असेही म्हटले नाही. मी इतर दोन ठिकाणच्या समुपदेशनाचा अनुभव घेतलेला आहे आणि तिथे अशा क्षणी हमखास काहीतरी बोलले जाते. न बोलणे हे कौशल्य आहे आणि या सेवेपाशी ते आहे.

उरलेल्या बैठकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सहावी समुपदेशकांच्या अनुपस्थितीत पडद्यावरून झाली आणि फसली; समोरच्या आठ चौकटींतल्या चेहऱ्यांपैकी कोण रडते आहे आणि कोणाचे चित्र गोठले आहे हेच कळेना. सातवीत गेलेल्या माणसाला निरोपाचे पत्र लिहायचे असते. कल्पना वाईट नाही, परंतु लिहायला दहा मिनिटे आणि वाचायला पाच हा हिशेब कोणी बसवला? शिवाय नमुन्यादाखल दिलेले पत्र इतके गोडमिट्ट होते, की फाटकाच्या कडीवाल्या बाईंनी कागद कोराच परत केला. त्यांना दुसरा नमुना द्यायला हवा होता, किंवा कोणताच द्यायला नको होता. शेवटच्या बैठकीत सर्वांना प्रमाणपत्र मिळाले. होय, गट यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचे, सहीशिक्क्यानिशी. मी ते चौकटीत लावावे काय, असे मुलाने विचारले तेव्हा आम्ही दोघेही खूप दिवसांनी पोट धरून हसलो, त्यामुळे ते अगदीच वाया गेले असे म्हणता येत नाही.

मोठी उणीव व्यवहाराची आहे. नव्याने उभ्या राहणाऱ्या आयुष्याविषयी फळ्यावर रेघ काढली जाते, पण ते आयुष्य प्रत्यक्षात बँकेच्या रांगेत, विम्याच्या कागदांत आणि कोणालाच ठाऊक नसलेल्या पासवर्डांत सुरू होते. आमच्यापैकी पाच जणींनी तोवर एकही मोठा आर्थिक निर्णय एकट्याने घेतलेला नव्हता, आणि मोकळेपणातली भीती बरीचशी तिथूनच येत होती. 'विचारायला कोणी नाही' हे वाक्य गटात जितक्यांदा बोलले गेले तितक्यांदा त्याचे दोन अर्थ होते. एक बैठक जाणत्या वकिलाला आणि हिशेब समजणाऱ्या माणसाला बोलावून घेतली असती, तर ती पत्रलेखनापेक्षा कितीतरी उपयोगी पडली असती. आणखी एक बारीक तक्रार: दर सकाळी फुलांच्या चित्रासह येणारे धीराचे संदेश बंद करण्याची सोय असावी. मला तिसऱ्या दिवशीच त्या फुलांचा राग येऊ लागला.

कोणी जावे? घटना घडून निदान दीड-दोन महिने झालेले असावेत. आमच्या गटात एक जण तिसऱ्याच आठवड्यात आली होती आणि दुसऱ्यांचे ऐकण्याची ताकद तिच्यात अजून नव्हती, तिने नंतर येणे थांबवले. ज्यांचा शोक दीर्घकाळ तसाच तीव्र राहिला आहे आणि रोजचे जगणेच अडून बसले आहे त्यांनी मात्र गटावर विसंबू नये. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र विकाराचे स्थान असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ सालच्या नियमावलीत प्रौढांसाठी ती बारा महिने आहे. त्यावर वेगळे उपचार आहेत. आणि ज्यांना रडूच येते, फक्त रडू येते, त्यांनी जरूर जावे. परंतु ज्यांना रडूबरोबर आणखी काहीतरी येते आणि ते काय आहे हे घरी बोलता येत नाही, त्यांनी आधी जावे.

मी पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो अर्जासाठी आणि त्या हसऱ्या आकृतीच्या जिन्यासाठी मिळून.

गट संपल्यावर मी या दोन्हींविषयी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले होते. त्यांनी महिनाभरात उत्तर दिले, आभार मानले, पाच पायऱ्यांचे पत्रक मागे घेतल्याचे कळवले आणि सहा महिन्यांनंतरच्या पाठपुराव्यासाठी सुधारित अर्ज पाठवला. भावनांच्या यादीत अपराधीपणा आणि एकटेपणा यांच्यामध्ये 'मोकळेपणा' अशी नवी चौकट आली आहे. पतीशी संबंध कसे होते हा प्रश्न काढून टाकला आहे. खालची सूचना मात्र तीच आहे: कोणत्याही एकाच चौकटीत खूण करावी. मी दोन चौकटींत खूण करून अर्ज परत पाठवला आहे. पोच अजून आलेली नाही.